महाराजांना यू यू

हॅलिफॅक्सला मी ज्या घराच्या बेसमेंटमध्ये राहतो, त्याच्या वरच्या मजल्यावर एक सम्राट घोरतो. चपटं नाक, वाकडे पाय, मानेभोवती आयाळ, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी भाजीत मीठ कमी घातलंय. जातीनं पेकिनीज कुत्रा. आमच्या घरमालकीणबाई त्याला ‘एम्परर’ म्हणतात. मी महाराज म्हणतो. बाईंना मी तोंडावर मॅम म्हणतो, मनात आजी.

आजी एकट्या, मीही एकटा. रविवारी त्या मला वर चहाला बोलवायच्या आणि महाराजांचं घराणं सांगायच्या. चीनच्या राजवाड्यात ही कुत्री सिंहासारखी दिसावीत म्हणून मुद्दाम तशी पैदास केलेली. साध्या माणसाला पाळायची बंदी. अगदी पिटुकली असली तर राजघराण्यातली माणसं त्यांना अंगरख्याच्या बाहीत घालून हिंडायची. सांभाळायला वेगळे नोकर. मग एकदा परदेशी सैन्य आलं, सगळे राजवाडा सोडून पळाले, राजघराण्यातली एक बाई तेवढी मागं राहिली आणि तिथंच वारली. तिच्याजवळ ही कुत्री बसून होती म्हणे. शिपायांनी उचलली आणि बोटीत घालून इंग्लंडला नेली.

“इमॅजिन, डिअर,” आजी म्हणायच्या, “ऑल दॅट वे.”

हे ‘डिअर’ मी हुबेहूब काढतो. नकला हा माझा जुना धंदा. तालुक्याच्या शाळेत हेडसरांचा आवाज काढून मी एकदा अख्खी सातवी ब घरी सोडली होती. इथं कुणापुढं करणार? काम लॅपटॉपवर, मीटिंगमध्ये सगळे म्यूट. कधी कधी शुक्रवारी लक्षात यायचं, की सोमवारी ग्रोसरीच्या दुकानात ‘नो बॅग’ म्हणलो, त्यानंतर आपण तोंडच उघडलेलं नाही.

या विंटरमध्ये आजी पायरीवरच्या बर्फावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी माझी बाही धरली. “ही ईट्स ओन्ली फ्रॉम द हँड, डिअर. प्लीज.” ऑपरेशन होणार, मग बरेच दिवस तिकडंच राहायचं. तिथं कुत्र्याला प्रवेश नाही.

झालं, राजवाड्याचा नोकर मी.

महाराजांनी जेवण सोडलं. आजींच्या खुर्चीपाशी बसले ते बसलेच. हातात घेऊन दिलं, चिकन उकडून दिलं. माझ्याकडं बघायचे आणि मान फिरवायचे. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय झालंय, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर ॲडमिट करावं लागेल, आणि मग सांगता येत नाही. आजी रोज फोनवर एकच विचारायच्या, “इज ही ईटिंग?” आणि मी म्हणायचो, “लिटल लिटल.”

मग मला वाटलं, आपली विद्या कधी कामाला येणार? बशी घेतली, घसा खाकरला आणि आजींचा आवाज काढला, “सपर, माय एम्परर!”

महाराज ताडकन उठले. शेपूट हलली. माझ्या अंगावरून पुढं गेले, दारापाशी गेले, बेडरूममध्ये, वॉशरूममध्ये, परत दारापाशी. मग येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि माझ्या मागं कोण आहे का ते बघत राहिले. आयुष्यात एवढी नक्कल कधी जमली नव्हती. बशी तशीच ठेवली आणि खाली बसलो.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल.

“जेवलास का?”

“होऽऽ, पोटभर,” मी वडिलांच्या आवाजात म्हणलं.

“बापाचा आवाज काढून मला फसवू नकोस. तोंड बघ कसं झालंय. ते कुत्रं खातंय का?”

“नाही ना.”

“यू यू केलंस का?”

“आई, ते राजघराण्यातलं आहे.”

“असेना. आहे कुत्रंच ना? चपाती दुधात कुस्कर, यू यू कर. आणि तूही खा, मेल्या.”

फोन ठेवला. बेसमेंटमधून तवा आणि फ्रोझन चपात्या वर आणल्या, भाजल्या, तूप लावलं. दिवसभर मीही काही खाल्लं नव्हतं. फरशीवर मांडी घालून एक घास मी तोंडात टाकला. खाता खाता मनात आलं, ती बोटीतली कुत्री तिकडं पोचल्यावर त्यांना कुठल्या भाषेत बोलावलं असेल? त्यांना काय कळलं असेल?

दुधात कुस्करलेला घास हातावर घेतला आणि म्हणलं, “यूऽ यूऽ यूऽ.” कुणाचाच आवाज काढला नाही. इतक्या दिवसांनी स्वतःचा आवाज इतका मोकळा ऐकून मलाच जरा दचकायला झालं.

महाराजांचे कान हलले. वाकडे पाय टाकत आले, हात हुंगला, तूप चाटलं आणि घास गट्ट. मग दुसरा. तिसऱ्याला तर माझ्या ताटातलीच चपाती ओढली.

दुसऱ्या दिवशी आजींचा फोन आला, तेव्हा मी स्पीकर लावून घास भरवतच होतो. “यूऽ यूऽ.”

“मी?” आजींनी विचारलं. म्हणजे इंग्लिशमधलं मी.

“नो नो, मॅम, नॉट यू. यू यू!”

आजी हसायला लागल्या, हसता हसता दुखलं म्हणून ओरडल्या, परत हसल्या. मग म्हणाल्या, “सो ही इज ईटिंग.”

“येस मॅम.”

“फ्रॉम युअर हँड?”

“येस मॅम.”

पलीकडं कुठंतरी ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत होता.

“गुड,” आजी हळूच म्हणाल्या. “दॅट्स गुड, डिअर.”

आजींचे सगळे आवाज मला येतात. हा ‘गुड’ मी नंतर बेसमेंटमध्ये दोन-तीनदा काढून बघितला. जमला नाही. महाराज पायाशी बसून बघत होते. म्हणलं, चला, जेवून घेऊ.