व्हर्ना पंच झाली तेव्हा

व्हर्ना स्टॉडर्डच्या नावाचं ते पत्र मंगळवारी आलं. मंगळवारी माझ्या हॉटेलात अंड्या-लिंबाचं सूप असतं आणि दुपारी येऊन ती ते वाडगा पुसून खाते. त्या दिवशी सूप तसंच निवत राहिलं. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई, पानात टाकणं तिच्या स्वभावात नाही. काहीतरी बिनसलंय एवढं मला कळलं.

तिनं पत्र काउंटरवरून माझ्याकडे सरकवलं. "वाच. चष्मा लावून वाच लेफ्टी, नाहीतर अर्धंच वाचशील आणि भाषण सुरू करशील."

मी चष्मा लावून वाचलं आणि तरीही भाषण सुरू केलं.

माझ्या हॉटेलसमोर जी आठ मजली पांढरी इमारत आहे, ती एका पंथाची आहे. त्यांचं खरं नाव लांबलचक आहे. गावात आम्ही त्यांना पायरीवाले म्हणतो. मनाची शुद्धी करायची तर एकेक पायरी चढायची आणि प्रत्येक पायरीचे पैसे आधी मोजायचे. पहिली पायरी जुन्या सायकलीच्या किमतीत मिळते. सहावीपर्यंत गेलेल्यांनी घरं विकलेली मी पाहिली आहेत. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ह्या पायऱ्यांबद्दल शहाण्यांना कोणी वेळेवर सांगितलं नाही. मला त्या लोकांचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. ते टिप चांगली ठेवतात, हेही लपवत नाही.

व्हर्ना त्यांच्यात गेली ती नवरा वारल्यावर. तेव्हा सगळे तिला "धीर धर" म्हणून आपापल्या वाटेनं जात होते. समोरच्या इमारतीत मात्र कोणीतरी तिला खुर्ची दिली आणि दोन तास ऐकून घेतलं. मी ऐकून घेतलं नव्हतं. मला अंडी तळायची होती. म्हणून ती का गेली असं मी तिला कधी विचारलं नाही.

जाताना तिनं मुलगी मार्लीला नेलं, आणि मैत्रीण आर्लीनलाही. आर्लीन प्रुइट ही शाळेच्या स्वयंपाकघरातली. जीभ तिखट, हात मोकळा. नवऱ्याच्या विम्याचे अठ्ठावीस हजार डॉलर तिला मिळाले होते आणि पायरीवाले तिला पुढच्या चार पायऱ्यांचे पैसे एकदम भरायला सांगत होते. दोघी माझ्याच काउंटरवर बसल्या होत्या. आर्लीन म्हणाली, "आणि मला नाही पटलं तर?" व्हर्ना म्हणाली, "तर मागून घे. परत देतात. मी सांगते ना." मी दोघींच्या कपात कॉफी ओतत होतो. माझ्या ह्या कानांनी ऐकलेलं आहे. आर्लीननं सगळे अठ्ठावीस हजार भरले.

सात वर्षांनी आर्लीनला पटेनासं झालं. तिनं न चढलेल्या पायऱ्यांचे पैसे परत मागितले आणि त्यांनी तिला वाळीत टाकलं. पंथातल्या कोणी तिच्याशी बोलायचं नाही, नाहीतर बोलणाराही वाळीत. तेव्हापासून चार वर्षं व्हर्ना माझ्याकडे सकाळी सातला यायची आणि आर्लीन साडेदहाला. मधे मी. व्हर्ना रिकाम्या स्टुलाकडे बघायची आणि मी कॉफीच्या यंत्राला सांगायचो, "काल एका बाईची कंबर फार दुखत होती म्हणे." व्हर्ना मान हलवायची, यंत्राकडेच बघून.

आर्लीन कोर्टात गेली. न्यायाधीशांनी तिनं पहिल्या दिवशी सही केलेला कागद काढायला लावला. भांडण झालं तर ते पंथाच्या पंचांपुढे सोडवायचं, असं त्यात बारीक अक्षरांत होतं. धर्माच्या घरात कोर्ट शिरत नाही, पंचांकडे जा, असा हुकूम झाला. पंच तीन, आणि तिघेही पंथातलेच हवेत. एक त्यांनी निवडायचा, एक आर्लीननं, आणि तिसरा अध्यक्ष, तोही त्यांचाच. आता बोलायलाच बंदी असलेल्या माणसांतून आर्लीन पंच कसा निवडणार? तिनं फोन केले, लोकांनी आवाज ओळखून ठेवून दिले. शेवटी न्यायाधीशांनी पंथाकडून यादी मागवली आणि एका नावाची चिठ्ठी काढली. नऊशे नावांतून व्हर्नाचं नाव निघालं. तेच त्या पत्रात होतं.

"नाही म्हणून सांग," मी म्हणालो.

ती सांगून आली होती. अध्यक्ष होते क्रेलसाहेब. तलम आवाजाचा माणूस. ते म्हणाले होते की हा मान आहे, मान नाकारत नाहीत. आणि दारापर्यंत पोचवताना त्यांनी विचारलं होतं, "मार्लीला कितवा महिना?"

"चौकशी केली त्यांनी," व्हर्ना म्हणाली. "नुसती चौकशी." हे म्हणताना तिनं सुपाचा चमचा दोन्ही हातांनी धरला होता.

मार्ली समोरच्याच इमारतीत काम करते आणि तिथेच नवऱ्यासोबत राहते. तिला तेव्हा सातवा होता. व्हर्नानं आर्लीनच्या बाजूनं निकाल दिला तर व्हर्ना पंथाची वैरी ठरणार, आणि वैरी झालेल्या आईला मुलीनं भेटायचं नाही, नातवंडही दाखवायचं नाही. विरुद्ध निकाल दिला तर जे शब्द तिनं स्वतः आर्लीनला दिले होते, ते आपण कधी बोललोच नाही असं कागदावर लिहून द्यायचं. इकडे आड तिकडे विहीर. पुढचे तीन आठवडे बाई सातला यायची, मक्याची पेज ढवळायची आणि ढवळून उठायची. एकदा मला म्हणाली, "बस थांबली की मी शेवटच्या बाकापर्यंत चालत जायची, कोणी पोर झोपून राहिलंय का बघायला. एक पोर विसरलं नाही मी कधी. आता दोन्हीकडे कोणीतरी राहतंच आहे." मी तिला आणखी टोस्ट दिला.

साक्ष द्यायला मी तयार होतो, पण बाहेरच्यांची साक्ष चालत नव्हती आणि वकीलही चालत नव्हता. ऑगस्टात दोन दिवस बैठक झाली. काय झालं ते मला व्हर्नानं सांगितलं, आणि पुढे आर्लीननं तिला मिळालेली सगळी नोंद माझ्या काउंटरवर आणून आपटली, तीही मी वाचली.

पहिल्या दिवशी दुसऱ्या पंचानं काहीच विचारलं नाही. क्रेलसाहेबांनी रीत म्हणून व्हर्नाकडे पाहिलं. काही प्रश्न? व्हर्ना मांडीखाली हात दाबून बसली होती. समोर चार हातांवर आर्लीन, चार वर्षांत दहा वर्षांनी म्हातारी झालेली, हातात काठी. आणि व्हर्नाच्या ध्यानात आलं की आर्लीनशी बोलायला सगळ्यांना बंदी आहे, पण पंचानं प्रश्न विचारायला नाही.

"अर्जदार बाईंनी काठी कधीपासून घेतली?" तिनं विचारलं.

ह्याचा इथे काय संबंध, असं क्रेलसाहेबांनी हळूच सुचवलं.

"नुकसान किती झालं ते आपण ठरवणार ना?" व्हर्ना म्हणाली. "मग बाई चालतात कशा ते मला कळायला नको?"

"गेल्या हिवाळ्यापासून," आर्लीन म्हणाली. "खुबा बदललाय."

"दवाखान्यात सोबत कोण होतं?"

"कोणी नाही. टॅक्सीनं गेले, टॅक्सीनं आले."

मग छपराचं काय झालं? वादळात उडालं, वर ताडपत्री आहे. स्वयंपाक स्वतः करतात का? अंडं उकडतात. मांजर? मेमध्ये मेलं. कोणतं, पिवळं? पिवळं. क्रेलसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पण नियम त्यांनीच लिहिलेला होता. अर्जदारानं उलट प्रश्न विचारायचा नाही, असाही नियम होता. म्हणून आर्लीननं एका उत्तराला जोडून म्हटलं, "आणि विचारणाऱ्या बाईंचा रक्तदाब वाढलेला दिसतोय, एवढं लिहून घ्या." ते खरंच लिहून घेतलेलं आहे, नोंदीच्या नवव्या पानावर.

त्या दिवशी चार वाजता व्हर्ना माझ्याकडे आली आणि लिंबाच्या केकचे दोन तुकडे खाऊन गेली. गाल लाल झाले होते तिचे. मला इतका आनंद झाला की मी पैसे घेतले नाहीत. जाताना मात्र तिचा चेहरा पुन्हा उतरला. "उद्या तो प्रश्न विचारावा लागेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं तो सगळ्यात शेवटी विचारला. एक्केचाळिसावा. पैसे परत मिळतील असं भरण्याआधी तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?

आर्लीननं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही. कोणी काही सांगितलं नव्हतं. माझ्या मनानं भरले."

क्रेलसाहेबांनी ते उत्तर दोनदा वाचून घेतलं. नोंदीत हे वाचताना मी काउंटरवर मूठ आपटली आणि मग मला माझीच लाज वाटली. मार्लीला सातवा आहे हे आर्लीनला सांगणारा मीच होतो. एका बाईचं नातवंड वाचवायला तिनं आपले अठ्ठावीस हजार आपल्या तोंडानं बुडवले.

निकालाचा कागद आधीच टाइप केलेला होता: अर्ज फेटाळण्यात येत आहे. दोघांनी सह्या केल्या आणि पेन व्हर्नाकडे आलं. तिला आता खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती. खोटं दुसरीनं बोलून दिलं होतं, हिनं फक्त सही करायची. तिनं सहीच्या वर लिहिलं: 'अर्जदार बाई खोटं बोलल्या. पैसे परत मिळतात असं त्यांना सांगितलं होतं. मी सांगितलं होतं. त्यांचे पैसे द्या.' आणि खाली पूर्ण नाव, पुढे पंच.

दोन विरुद्ध एक. आर्लीनला एक डॉलर मिळाला नाही. पंचांचा निकाल झाला, आता आमच्या हातात काही नाही, असं कोर्टानं कळवलं.

शनिवारी सकाळी सात वाजता, व्हर्नाच्या वेळेला, आर्लीन काठी आपटत आत आली. "मूर्ख बाई," ती म्हणाली. चार वर्षांनंतरचं हे तिचं पहिलं मोकळं वाक्य. "मी रात्रभर जागून ते खोटं बेतलं. तुला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला?"

"वाईट बोललीस," व्हर्ना म्हणाली. "बसमधली पोरं तुझ्यापेक्षा बरं खोटं बोलायची."

आर्लीन तिच्या शेजारच्या स्टुलावर बसली. मग दोघी रडायला लागल्या आणि मी कांदे चिरायला आत गेलो.

गुरुवारी मार्लीचं पत्र आलं. टाइप केलेलं, ठरावीक मजकुराचं: आपण वैर सोडत नाही तोवर संबंध ठेवणं शक्य नाही, वगैरे. मजकूर व्हर्नाला पाठ होता, कारण तिनंच चार वर्षांपूर्वी आर्लीनला तो पाठवला होता. पण खाली पेन्सिलीनं बारीक दोन ओळी होत्या. 'आई, त्या बाईला तू एक्केचाळीस प्रश्न विचारलेस म्हणे. मला इथे आणल्यापासून एकही विचारला नाहीस.'

माझं डोकं फिरलं. आईला तोडायची ती तोडायची, वर टोमणे कसले मारते, असं काहीसं मी म्हणालो. व्हर्नानं मला गप्प केलं.

"खरं आहे ते," ती म्हणाली. "मीच तिला तिथे नेलं. तू सुखात आहेस का, असं एकदाही विचारलं नाही. ती नाही म्हणाली असती तर काय करायचं, ह्याची भीती वाटायची मला."

त्या सोमवारपासून ती मार्लीला पत्र पाठवू लागली. पत्रात एकच प्रश्न. पाकिटावर तिचं नाव दिसलं तर वरचे लोक ते फाडतील म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी माझ्या हॉटेलचा पत्ता. पाय सुजतात का? झोप लागते का? शुक्रवारी पाकीट न उघडता परत यायचं, वर शिक्का मारलेला: स्वीकारलं नाही. सप्टेंबरात समोरच्या इमारतीतल्या दवाखान्यातली एक नर्स कॉफी प्यायला आली आणि मार्लीला मुलगी झाली, सात पौंडांची आहे, असं सहज सांगून गेली. त्या सोमवारचा प्रश्न होता, नाव काय ठेवलं? तोही शुक्रवारी परत आला. आर्लीन आता रोज सातला येते आणि प्रश्नांवरून व्हर्नाशी भांडते. हा काय प्रश्न झाला, तू पोलिसात आहेस का, असं सगळं. अकरा पाकिटं गेली, अकरा परत आली. व्हर्ना ती माझ्या गल्ल्याखालच्या खणात ठेवते.

गेल्या आठवड्यातल्या सोमवारी तिनं लिहिलं, 'तुला तिथून यायचं आहे का?' हे लिहू नकोस असं आर्लीन म्हणाली. मीही म्हणालो. कोणाच्या हातात पडलं तर पोरगी संकटात. व्हर्नानं आमचं ऐकून घेतलं आणि पाकीट चिकटवलं.

शुक्रवारी टपाल आलं. विजेचं बिल होतं, पिझ्झाच्या जाहिराती होत्या. पाकीट मात्र परत आलं नव्हतं, पहिल्यांदाच.

आज बुधवार. अजून आलेलं नाही. मार्लीनं ठेवून घेतलं असेल, नाहीतर टपालात अडकलं असेल, असं मी म्हणालो. मग दुसरंही मनात आलं, की मार्लीच्या आधी ते क्रेलसाहेबांनी उघडलं असेल, पण ते मी बोललो नाही. आर्लीनच्याही मनात तेच असावं, कारण ती आज कोणालाच टोमणे मारत नाहीये. व्हर्नानं समोर पेज घेतली आहे आणि ती ढवळते आहे. दार उघडलं की आम्ही तिघंही मान वळवतो.