भाऊजींची गाडी आणि धुराचा अहवाल

अकोल्याच्या ज्या ट्रान्सपोर्टमध्ये मी कामाला आहे, तिथंच माझ्या ताईच्या नवऱ्याची, भाऊजींची, गाडी लागलेली होती. ते तेल्हाऱ्याचे. ट्रक जुना, पण ते स्वतः धुऊन, ग्रीस भरून ठेवायचे. क्लीनरला हात लावू द्यायचे नाहीत. पुण्याकडच्या एका मोटार कंपनीचे सुटे भाग अकोल्याहून अमरावतीच्या गोदामात पोचवायचे, हे त्यांचं बांधलेलं काम.

मागच्या वर्षी त्या कंपनीनं कळवलं, की नव्या नियमांप्रमाणे त्यांना पर्यावरणाचा अहवाल द्यायचाय आणि त्यात माल वाहणाऱ्या गाड्यांचा धूरही धरायचाय. कोणती गाडी किती जुनी, डिझेल किती पिते, सगळी माहिती पाठवा. काम माझ्याकडं आलं. मी खरं तेच पाठवलं.

त्याच रविवारी ताईकडं जेवायला गेले. भाऊजी आग्रह करून वाढत होते.

"घे नं अजून, लाजून कावून राह्यली?"

मग गाडीला नवे टायर टाकतो म्हणाले. त्यांच्या गाडीची माहिती पाठवलीय, हे सांगावंसं फार वाटलं. पण काही होणारही नाही कदाचित, अशी स्वतःची समजूत घातली आणि भाजीचं कौतुक केलं.

थोड्याच दिवसांत कंपनीनं जुन्या गाड्या बंद केल्या. आमच्या ऑफिसात निरोप पोचायच्या आधीच भाऊजी भरलेली गाडी घेऊन अमरावतीच्या फाटकाशी उभे होते. तिथून त्यांचा फोन आला.

"मले आत घेऊन नाई राह्यले. गाडीचं कोनं कळवलं वं?"

"मीच, भाऊजी."

"खरं लिवलं ना?"

"हो."

"मंग झालं. खोटं कसं लिवशीन तू?" मग म्हणाले, "पन एक फोन करायचा व्हता मले. टायर तरी नसते घेतले."

 

भाऊजींनी ट्रक विकला. परवा मूर्तिजापूरला चहाच्या टपरीजवळ भाऊजी दिसले, दुसऱ्या कुणाच्या गॅसवर चालणाऱ्या नव्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून. धूर खरंच नव्हता. हसून त्यांनी मला केबिन दाखवली.

"एसी हाय, पाह्य. आराम हाय." मग दार अगदी हळू, दोन्ही हातांनी लावलं. "दुसऱ्याची हाय ना, भेव वाटते."