सारवलेली खदान

रूपरावाला गावात कोणी धड रूपराव म्हणत नसे. "आला पहा गोटा," म्हणत. कारणही तसंच. हिंगणघाटकडच्या त्याच्या वावराच्या धुऱ्याला, बांधाला लागूनच, एक जुनी खदान होती. काळ्या खडकात पाचरी ठोकायला पाडलेली भोकं ओळीनं, आणि अर्धा कापून तसाच सोडलेला एक खांब. कोणत्या काळचा, देव जाणे! पंचायत ती जागा खडी फोडणाऱ्या गिट्टीवाल्याला द्यायला निघाली, तसा हा पारावर, सभेत, एसटीच्या थांब्यावर बोंबलत सुटला, "अरे, बापजाद्याईचे हात लागले तिले! ते आपलं घर हाय!" पालथ्या घड्यावर पाणी. माणसं तंबाखू मळत उठून जायची.

शेवटी हातापाया पडून त्यानं पुरातत्त्व खात्याच्या बाईंना यायला लावलं. भोकं पाहून त्यांना पटलं तर खदान वाचणार, नाही तर सुरुंग.

आणि आज सकाळी जाऊन पाहतो तर काय! भोकं नाहीत. सगळा खडक शेणानं गुळगुळीत सारवलेला, वर रांगोळी. शेजारी बादली घेऊन त्याची बायको, आनंदाबाई, घाम पुसत उभी.

रूपरावाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अवं, काय करून ठेवलं हे? काऊन सारवलं?"

"पाव्हनी येऊन राह्यली ना?"

"मंग? घर हाय का हे?"

"तुमीच तं म्हनता," आनंदाबाई म्हणाली, "आपलं घर हाय म्हून."

तेवढ्यात फाट्यावर जीपचा धुरळा दिसला.

"आन पानी! घास लवकर!"

दोघांनी बादल्या ओतल्या, पोत्यानं घासलं. वरचं सारवण गेलं, भोकांतलं काही निघेना. बाई उतरल्या आणि लांबूनच थबकल्या. काळ्या खडकावर शेणाच्या ठिपक्यांची सरळ ओळ, थेट त्या अर्ध्या खांबापर्यंत.

"केवढी स्पष्ट दिसते हो! हे नाही फोडू द्यायचं," बाई म्हणाल्या आणि कॅमेरा काढला. "कोणी केलं असं?"

रूपरावाला चीड आली होती, ती अजून गेली नव्हती. पण त्यानं बायकोकडे पाहिलं. गाव ऐकत नाही म्हणून इतके दिवस कोकलत होता, आणि ऐकणारी रोज त्याला भाकर वाढत होती.

"हिनं," तो म्हणाला. "हिलेच इचारा."