मोटरहोमची शिट्टी आणि माझं तोंड

पाडव्याला आम्ही खडवलीला गेलेलो, आमच्या नव्या मोटरहोममधून. परत येताना जे झालं ते खरं तर कोणाला सांगू नये असंच आहे...

मोटरहोम म्हणजे एक जुनी मिनीबस. माझा मेव्हणा शेखर, नीताचा धाकटा भाऊ, डोंबिवलीत फॅब्रिकेशन करतो. त्याने तिच्यात पलंग, ओटा, सिंक, सगळं बसवलं. या प्रकारचं त्याचं हे पहिलंच काम, आणि ते बघून माझा नौपाड्यातला एक मित्रही त्याला ऑर्डर द्यायला निघाला होता.

आणि गाडीत शिट्टी वाजायला लागली! साठच्या वर स्पीड गेला की सुईईई... डोकं उठायचं. नीता गाडी चालवणार आणि मी मागे रांगत प्रत्येक फटीला कान लावणार, अशा घोडबंदर रोडवर किती फेऱ्या मारल्या. फटींवर चिकटपट्ट्या लावून पाहिल्या. शेवटी मी निकाल दिला... बाजूची खिडकी. रबर नीट बसलेलं नाही.

शेखरने खिडकी काढून परत बसवली. तीनदा. शिट्टी तशीच. मग माझं तोंड सुटलं... "घरचं काम म्हणून उरकलंस," असं त्याच्या बायकोसमोर बोललो. मित्राला फोन करून ऑर्डर देऊ नकोस म्हटलं. आणि इथे एक लांबलचक पोस्ट टाकली, तुम्ही ती लाइकही केलीत.

पाडव्याला शेखर आणि त्याची बायको आमच्याबरोबर होते. जातानाही शिट्टी होतीच. नदीकाठी गाडीला टेकवून गुढी उभारली, जेवायला बसलो. शेखर दोन घास खाऊन उठला आणि सणाच्या दिवशी भर उन्हात त्याच खिडकीला पुन्हा सीलंट भरत बसला. मी श्रीखंड खात होतो. 'राहू दे रे आज' एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

उन्हं उतरल्यावर गुढी उतरवली आणि निघालो. पडघ्याहून हायवेला लागलो, काटा सत्तरच्या पुढे... आणि गाडी गप्प.

"भावोजी, गेली ओ शिट्टी!" शेखर मागून ओरडला. मग जरा वेळाने, हळूच, "सॉरी हां. पहिल्यांदाच नीट बसवायला पाहिजे होती मी."

मी आरशात बघितलं. पलंगावर गुढीची काठी आडवी पडलेली. परत कॅरियरला बांधायचा कंटाळा केला म्हणून आत टाकलेली... एरवी ती वरच असायची. गुढी यंदा गाडीबरोबर, या हौसेने गाडी घरी आली त्याच दिवशी मीच ती वर बांधलेली. पोकळ बांबू. वाऱ्याने तांब्या पडू नये, दोरी ओवता यावी म्हणून टोकाजवळ ड्रिलने भोक पाडलेलं. तेही मीच!

चहाला थांबलो. सगळे टपरीकडे गेले तसा मी काठी घेऊन गाडीच्या मागे गेलो आणि टोकाला तोंड लावून फुंकलं. तोच आवाज. वळलो तर शेखर माझा चहा घेऊन उभा.

तो हसेल असं वाटलं होतं. "तीनदा काढली ओ मी खिडकी, भावोजी..." एवढंच म्हणाला. मला मान वर करवेना. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिथूनच मित्राला फोन लावला, खरं काय ते सांगितलं. त्याने आदल्याच दिवशी दुसऱ्या कोणाला तरी काम देऊन टाकलेलं. शेखर शेजारीच उभा होता, त्याने सगळं ऐकलं.

घरी आल्यावर आधी ती पोस्ट डिलीट करायला घेतली. नीता म्हणाली, "आता लपवायचं कशाला?" बरोबर आहे तिचं. म्हणून ती तशीच ठेवलीय... त्याखाली तुम्ही शेखरला जे जे बोललात, तिथे माझं नाव घालून वाचा. आणि शेखर, काल तू फोन उचललास आणि नेहमीसारखं "बोला भावोजी" म्हणालास... माझी ती लायकी नव्हती रे.