लाल गाडीचे ब्रेक

आमचे भाऊजी कोणाच्याही दारात गेले की आधी माणसांना नमस्कार करत नसत. दारातल्या गाडीपुढे उकिडवे बसत आणि चाकाच्या फटीतून आत डोकावून ब्रेक पाहत. माझ्या भाचीला पाहायला तुमसरचे पाहुणे आले तेव्हा मुलाचे वडील हात जोडून उभे आणि हे त्यांच्या कारच्या पुढच्या चाकाशी. मग उठले, हात झटकले आणि म्हणाले, "डिस्क घासली हाय तुमची. बाकी या, बसा." एवढे होऊनही ते लग्न जमले कसे, हे मला आजतागायत कळलेले नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत डंपरांच्या देखभालीवर त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर बालाघाटला आमच्याच गल्लीत घर बांधून ते दोघे राहायला आले. मी इथल्या जिल्हा कोर्टात वकील. गाडी म्हणजे किल्ली फिरवली की निघते, एवढेच माझे ज्ञान. भाऊजी मला 'सालेसाहेब' म्हणत आणि संधी मिळाली की सोडत नसत. "सालेसाहेब, तुमी केस थांबवता, आमी गाडी थांबवतो. फरक इतकाच का आमची पायजे तिथं थांबते, अन् तुमची थांबली का हालतच नाही."

अशा शहाण्या, संसारी माणसाने उतारवयात एक लाल, बुटकी, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. खाणीकडच्या एका ठेकेदाराचा मुलगा परदेशी निघून गेला, त्याच्या अंगणात ती उभी होती. बालाघाटचे स्पीडब्रेकर तुम्हाला ठाऊक असतील. त्यांच्यावरून ही गाडी सरळ जाऊच शकत नसे; भाऊजी ती तिरपी घालत, तरी पोट घासल्याचा आवाज गल्लीभर ऐकू येई. काली पुतली चौकातून ते जात तेव्हा मागून सायकलवाले घंटी वाजवत. मी विचारले, "एवढी वेगाची गाडी घेऊन तुम्ही बैलगाडीसारखी का हाकता?" ते म्हणाले, "काहून? धावते हे मले मालूम हाय. तिले धावून दाखवायची गरज नाही."

दोन सीटांपैकी एक त्यांची होती. दुसरी रिकामी राहत होती आणि खरे दुखणे तेच होते. ती सीट ताईची, आणि ताई त्या गाडीत बसायला तयार नव्हती.

कारण घरातल्या सगळ्यांना माहीत होते. फार वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या बारशासाठी ती दोघे मलाजखंडहून भाड्याच्या जीपने येत होती. भाऊजी म्हणत होते उद्या निघू. ताईने आजच निघायचा हट्ट धरला. बैहर घाटाच्या उतारावर जीपचे ब्रेक गेले. ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून जीप डोंगराच्या अंगाला घातली म्हणून जीव वाचले, पण ताईचा हात मोडला आणि भाऊजींच्या कपाळावर कायमची खूण राहिली. दोष जीपचा होता. ताईने तो स्वतःकडे घेतला. त्यानंतर ती बसने जाई, मधल्या सीटवर, डोळे मिटून. बालाघाटला राहायला आल्यावर घाटाकडे तर गेलीच नाही. लाल गाडी आली तेव्हा तिने दारातूनच ओवाळले आणि सांगून टाकले, "याचे ब्रेक भरोशाचे करा. मंग बसीन."

मला वाटते तिने ते टाळण्यासाठी म्हटले होते. या वयात लाल गाडीत बसून मिरवायचे तिला लाजही वाटत असेल. नक्की काय ते मला कधी समजले नाही. भाऊजींनी मात्र ते शब्दशः घेतले आणि दुसऱ्याच दिवशी चाके काढून बसले.

ब्रेक म्हणजे काय हे त्यांनी मला जेवता जेवता समजावले. ताटाला दोन्ही बाजूंनी पोळीचे तुकडे दाबून धरले आणि म्हणाले, "हे ताट म्हणजे डिस्क. फिरून राह्यली. हे पॅड. दाबले का घासते, घासलं का गरमी. गाडीची सारी धाव इथं गरमी होऊन जाते. मंग ताट मोठं घेतलं त काय होईन?" मी म्हणालो, "जास्त भाजी मावेल." ताई हसली. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगितले आणि मला पुन्हा पहिल्याइतकेच कळले.

पहिली चूक त्यांचीच होती. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून त्यांनी सगळ्यांत भारी म्हणून जे पॅड मागवले ते निघाले शर्यतीच्या गाड्यांचे. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत. ऐन डिसेंबरातली सकाळ. पाय दाबावा तर गाडी आपली चाललेली. मग भाऊजी पॅड तापावेत म्हणून ब्रेकवर पाय ठेवूनच बाजारापर्यंत गेले. चाकांतून धूर निघू लागला. भाजीवाली बाई "आग लगी, आग लगी!" म्हणत धावली आणि भाजीवर शिंपडायची पाण्याची बादली तिने चाकावर रिकामी केली. लालभडक तापलेल्या डिस्कवर गार पाणी! डिस्क वाकली. भाऊजींनी तिचे आभार मानले, वांगी घेतली आणि गाडी ढकलत घरी आणली. म्हणाले, "ते चीज शर्यतीची हाय, सालेसाहेब. आपल्याले रस्त्यावर चालवायची हाय. थंडीत, पान्यात, पहिल्याच दाबाले थांबली पायजे. तुमची ताई का आधी पॅड गरम होऊ देईन अन् मंग भेईन?"

त्यानंतर त्यांनी घाई केली नाही. रस्त्यावरचे, थंडीतही पकडणारे पॅड मागवले. मोठ्या डिस्क मागवल्या. त्या जुन्या चाकांत मावेनात म्हणून मोठी चाके. रबरी नळ्यांच्या जागी पोलादी जाळीच्या नळ्या, दाबल्यावर फुगू नयेत म्हणून. ब्रेकचे जुने तेल काढून नवे भरले. "हे तेल हवेतलं पानी पेते. पानी उकळलं का पाय आत जाते अन् गाडी जाते पुढं. त्या जीपचं हेच झालं असन." जीपचा उल्लेख त्यांनी माझ्यासमोर तेवढाच केला. हे सगळे होईपर्यंत पावसाळा गेला, कटंगीकडचे धान पिवळे पडायला लागले आणि दसरा आला.

दसऱ्याला आपल्याकडे कुऱ्हाडीपासून कुकरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. गाडी अंगणात धुऊन उभी होती. ताईने भाऊजींना सांगितले होते की सोनं वाटायला तुमच्यासोबत गाडीतून येईन. भाऊजी आत नवा सदरा घालायला गेले. तेवढ्यात ताईने बॉनेटला हळदकुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले आणि मग तिची नजर मोठ्या चाकांच्या आत चमकणाऱ्या नव्या डिस्कवर गेली. ज्याच्यावर आपला जीव टाकायचा त्याची पूजा आधी नको का? तिने तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि आऱ्यांतून हात घालून एकेका डिस्कवर स्वस्तिक काढले. मनाचे समाधान होईना म्हणून मारुतीला लेपतात तसा वरून आणखी लेप दिला. मी शेजारीच उभा होतो. मला त्यात काही गैर दिसले नाही, उलट छानच वाटले.

भाऊजी आले; त्या दिवशी प्रथमच चाकांकडे न पाहता ताईकडेच पाहत. ताई दार धरून हळूच त्या दुसऱ्या सीटवर बसली, पदर सावरला, डोळे उघडे ठेवले. भाऊजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो आठवला की अजून बरे वाटते. गाडी फाटकातून निघाली, आमच्या गल्लीच्या उताराला लागली आणि थांबेना. ते पाय दाबत होते, गाडी घरंगळत होती. शेवटी हातब्रेक ओढला तेव्हा ती समोरच्यांच्या झेंडूच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. कोणाला काही लागले नाही. ताई उतरली, कोणाकडे न पाहता घरात गेली आणि देवापुढे बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर चाके काढलेली. डिस्कवर केशरी तेलकट थर, पॅड तेलाने माखलेले. तेलावर पॅड घसरले होते, हे माझ्यासारख्यालाही कळले. मी आनंदाने ओरडलोच, "भाऊजी, म्हणजे ब्रेक चांगलेच आहेत! हा तर शेंदूर! ताईला सांगतो—"

"चूप," भाऊजी म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग चिंधीने डिस्क पुसत हळू म्हणाले, "तिले म्या सांगतलं, पॅड नवे होते, डिस्कवर घासून बसवल्याबिगर घाईनं गाडी काढली, चूक माही. तेच खरं."

माझ्यातला वकील गोंधळून गेला. "अहो, पण खरे सांगितले तर ती पुन्हा बसेल. तुमच्या ब्रेकवर उगाच ठपका."

"ब्रेकवर भरोसा येईन तिचा. स्वतःवरचा जाईन. घाटातली जीप तिनं आपल्या डोक्यावर घेतली ते अजून उतरली नाही. आता हेबी तिच्याच हातानं झालं म्हणून सांगू?" त्यांनी पॅड माझ्या हातात दिले. "हे फेका, ताईले दिसतीन नाही असे."

मी ते फेकले. पण हा माणूस बरोबर की चूक, हे मला ठरवता आले नाही. अजूनही येत नाही. कोर्टात मी उभा असतो तर त्यांच्या विरुद्ध बाजूने बोललो असतो, आणि मनातून त्यांनीच जिंकावे असे वाटले असते.

नवे पॅड आले. ते 'बसवायचे' म्हणून भाऊजी रोज सकाळी गोंदिया रस्त्याला जात. थोडा वेग घ्यायचा, दाबायचे, पुन्हा वेग, पुन्हा दाबायचे. कधी मला चालवायला लावत आणि स्वतः दुसऱ्या सीटवर बसत. "इथून कसं वाटते ते पाहू द्या." लोकांनी ठरवले की म्हातारा बिघडला. गाडी आता बोटाच्या इशाऱ्यावर थांबे, सरळ, नाक न वळवता. ते घरी येऊन ताईला म्हणत, "झाले आता पक्के." ताई म्हणे, "हौ, पाहू. संक्रांत होऊ द्या." संक्रांत झाली. मग होळी झाली. भाऊजींनी कधी जोर केला नाही. आणि मे महिन्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दवाखान्यात नेण्याइतकाही वेळ त्यांनी दिला नाही.

गाडी विकावी असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो. ताई हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. पाऊस ओसरल्यावर एका सकाळी ती माझ्या दारात आली. हातात किल्ली होती. "राजा, मले घाटात ने."

मी न जाण्याची कारणे सांगितली, तिने ती ऐकली आणि गाडीत जाऊन बसली. मला त्या गाडीची भीती वाटत होती आणि तिला वाटत नव्हती, हे पाहून मी अधिकच गडबडलो. साल-सागाची झाडे सुरू झाली, चढ लागला. वर जाऊन आम्ही मागे वळलो आणि त्याच उताराने खाली येऊ लागलो. ताईचे डोळे उघडे होते. एका वळणापलीकडे भर रस्त्यात एक गाय वासराला चाटत उभी होती. मी जीव खाऊन पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. गाईने मान वर केली, आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा वासराला चाटू लागली.

ताई वासराकडे पाहत होती. मग माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "अशी थांबते ना हे. मंग त्या दिवशी काहून नाही थांबली?"

उत्तर माझ्या जिभेवर होते. ते दिले तर भाऊजींचे ब्रेक निर्दोष सुटत होते, न दिले तर ताई सुटत होती. आयुष्यभर दुसऱ्यांची बाजू मांडली, पण इतका गोंधळ कधी उडाला नव्हता.

"भाऊजींची घाई झाली, ताई," मी म्हणालो. "पॅड बसले नव्हते."

ताईने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

"हौ," ती म्हणाली. "घाईच होती त्यायले. जायचीबी."