धवळारीण आणि नवं अपडेट

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे एका गाळ्यात लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारा एक गृहस्थ बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. हेडफोन कायम एकाच कानाला. शेजारी खडूने लिहिलेली काळी पाटी, तिच्यावर दोन रकाने: 'नवीन काय आलं' आणि 'काय बिघडलं'. सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की तो स्वतः तपासून दोन्ही भरतो.

मुलीच्या हळदीचा व्हिडिओ आणायला गेलो, तर स्वारी भलतीच खुशीत. "काका, आता गोंगाट आपोआप साफ होतो!"

खरंच, भांड्यांचा खडखडाट गेला होता आणि बोलणं खणखणीत ऐकू येत होतं. पण आमची आत्या मांडवात नुसतीच ओठ हलवत होती. ती गावची धवळारीण. हळदीचे धवळे तीच गाते. सॉफ्टवेअरने तिचं गाणंही गोंगाट समजून काढून टाकलं होतं!

"आमच्या आत्याचं गाणं कुठंय?" मी विचारताच त्याने कान पकडले. उठून दुसऱ्या रकान्यात लिहिलं, 'धवळारनीचा आवाज कळत नाय.' मग जुनं व्हर्जन उघडलं.

आत्याचा चिरका आवाज गाळाभर घुमला. मागे भांडी, पोरांचा कालवा, कुणाचं तरी खोकणं. त्याने हेडफोन काढून ठेवला आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला.

"ऱ्हाऊ द्या सगला गोंगाट," तो म्हणाला. "आमी नवराबायको पन असल्याच गोंगाटात आपापल्या हळदीला बसलो व्हतो."

पेनड्राइव्ह घेऊन निघताना मी मागे वळून पाहिलं. पहिल्या रकान्यात तो लिहीत होता, 'आत्या परत आली.'