न थांबणारे राक्षस

ताईने कंट्रोलर उशीवर टेकवला होता, तरी तिचा अंगठा थरथरत होता. कंपवाताचं निदान झाल्यापासून तिने गेमला हात लावला नव्हता. पण कॉलेजपासून ज्या गेमच्या मालिकेवर ती जीव टाकायची, तिचा नवा भाग आला होता. जुन्या भागांत आपली पाळी येईपर्यंत राक्षससुद्धा थांबायचे. ताई चहाचा घोट घ्यायची, विचार करायची आणि मग वार करायची. या भागात भुयारांमागून भुयारं आहेत आणि राक्षस कुणासाठी थांबत नाहीत.

शेजारी बसून मी फोनवर खेळणाऱ्यांची मतं वाचत होते. "एकदाचा वेग आला!" असं एकाने लिहिलं होतं. "सगळी भुयारं सारखीच, गोष्टच हरवली," अशी दुसऱ्याची तक्रार होती. दोघं तावातावाने भांडत होते. मला दोघांचाही हेवा वाटला.

पहिल्याच भुयारात ताईचा योद्धा पुन्हा मेला.

"कसा वाटला गं नवा भाग?" मी विचारलं.

"चांगला असणार. मला पुढे जाताच येत नाहीये."

आपल्या आवडीच्या गोष्टी अशाच पुढे निघून जातात. रागवावं तरी कुणावर?

ताईने कंट्रोलर माझ्याकडे दिला. "तू खेळ. कुठे वळायचं ते मी सांगते."

"डावीकडे," ती म्हणाली. मी वळले. पुढे तिचं सांगून होईपर्यंत राक्षस अंगावर यायला लागले, म्हणून मी न विचारताच वळत गेले. ताई कधी गप्प झाली, ते मला कळलंच नाही.